तेलात बुडवलं तरी 'पाणी'च?

वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: "आमच्याकडे ईएन २४ पोलादाचे जॉब (घडवलेले भाग) ८४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलाच्या टाकीत सोडतात. तरी जुने कारागीर म्हणतात, 'पाणी दिलं'. हे चूक नाही का? आणि क्वेंचिंगला, म्हणजे तापलेला जॉब असा बुडवून झटकन थंड करण्याला, 'शमन' म्हणावं का?"

चूक मुळीच नाही. इथलं पाणी टाकीतलं नव्हे, पोलादात उतरलेलं. मोत्याचं पाणी, पाणीदार घोडा, समोरच्याचं जोखतो ते पाणी, त्याच घरातलं हे. माझी आजी विळी घेताना "पाणी नीट दिलंय ना रे?" एवढंच विचारायची. लोहारानं ती कशात बुडवली याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

शिवाय ही 'चूक' फार जुनी. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची 'पायना' तीन तऱ्हांची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात, तेलात. पायना म्हणजे पाजणं. हाड छेदणाऱ्या शस्त्राला क्षार, मांस कापणाऱ्याला पाणी, शीर वेधणाऱ्याला तेल. 'उदकपायित'च्या शेजारी 'तैलपायित' बिनदिक्कत बसलाय. गंमत म्हणजे थंड करण्याच्या वेगानं लावला तर आजच्या टाक्यांचा क्रमही हाच लागतो. तापलेल्या जॉबभोवती वाफेचं पांघरूण धरतं आणि थंड होणं अडतं. मिठाच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ते लवकर फाटतं, साध्या पाण्यात उशिरा. तेल या दोघांपेक्षा सावकाश. तुमच्या ईएन २४ मध्ये निकेल-क्रोमियम असल्यानं त्याला तेवढा वेगही पुरतो. पाण्यात सोडलात तर तडा जायची भीती.

'शमन' मला पटत नाही. शमन रागाचं होतं, तहानेचं होतं. टाकीतून नुकताच निघालेला जॉब मात्र कमालीचा कडक आणि तितकाच ठिसूळ. हातातून फरशीवर पडला तर टवकाही उडू शकतो. शांत होतो तो नंतर, टेंपर मारल्यावर, म्हणजे बेतानं पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवल्यावर. 'शमन' द्यायचंच तर टेंपरिंगला द्या.

मात्र 'पाणी देणे' एका ठिकाणी तोकडं पडतं. लोहार छिन्नीला पाणी देतो तेव्हा फक्त टोक बुडवतो, बाहेर काढून झटकन घासतो, आणि मागच्या उष्णतेनं टोकाकडे सरकणारे रंग बघत बसतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाला पोचला की छिन्नी अख्खी पाण्यात. एकाच तापात हार्डनिंगही (कडक करणं) झालं, टेंपरिंगही. त्याला दोन शब्द लागलेच नाहीत.

तुमच्याकडे मात्र ही दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या भट्ट्यांची. तेव्हा बोलताना खुशाल 'पाणी दिलं' म्हणा, पण जॉब कार्डावर हार्डनिंग आणि टेंपरिंग वेगळं लिहा. नाहीतर 'पाणी दिलंय' वाचून टेंपर न मारलेला जॉब कोणीतरी मशीनवर चढवेल.