ब्लीच केलेल्या केसांना मेंदी आणि वनस्पतींनी तपकिरी रंग देता येईल का?

होय, मात्र नुसती मेंदी लावू नका. ब्लीचने मूळ रंगद्रव्य निघून गेलेले असल्यामुळे मेंदीतील लॉसोन हा रंग देणारा घटक तेथे भडक नारिंगी दिसते, आणि नुसत्या निळीच्या पानांच्या पुडीने हिरवट छटा येण्याची भीती असते. तपकिरी रंग दोन्हींच्या मिलाफातून येतो. साधारण दोन भाग मेंदीला एक भाग नीळ घेतल्यास तांबूस तपकिरी आणि समभाग घेतल्यास मध्यम तपकिरी छटा मिळते.

मेंदी काही तास आधी भिजवावी; नीळ मात्र लावण्याच्या पंधरा मिनिटे आधीच कोमट पाण्यात कालवून त्यात मिसळावी, कारण भिजवल्यावर तिची रंगवण्याची ताकद लवकर कमी होते. थोडी आवळा पावडर घातल्यास तांबडेपणा कमी होतो. काथ किंवा चहाच्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नये, तो रंग टिकत नाही.

काष्ठौषधींच्या दुकानांतून पूड घेताना निव्वळ पानांचीच आहे, याची खात्री करा. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत अनेकदा पीपीडी हे ॲलर्जी करू शकणारे रसायन असते. ब्लीच केलेले केस सच्छिद्र असल्याने रंग झपाट्याने शोषतात, म्हणून आधी गळलेल्या केसांच्या बटेवर चाचणी घ्यावी आणि छटा स्थिरावण्यासाठी दोन दिवस थांबूनच निर्णय घ्यावा.