वाचकांचे प्रश्न : परदेशातील मृत्यू आणि घरी आणण्याची तजवीज

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा शारजात नोकरीस होता. तेथील खोलीवर झोपेतच त्याचे निधन झाले. पार्थिव इंदूरला येईपर्यंत आठवडा उलटला. खासदारांपासून विमान कंपनीतील ओळखीच्या माणसापर्यंत सर्वांना फोन झाले, तरी नेमके कुठे अडले आहे हे शेवटपर्यंत कुणाला कळले नाही. माझाही धाकटा मुलगा दुबईत आहे. असा प्रसंग कुणावर येऊ नये, पण आलाच तर घरच्यांनी प्रथम काय करावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत कुणाची हयगय झाली असेलच असे नाही. रुग्णालयाबाहेर झालेला मृत्यू वरकरणी नैसर्गिक असला तरी संयुक्त अरब अमिरातीत तो पोलिसांकडे जातो, आणि न्यायवैद्यक तपासणी होऊन पोलिसांचे ना-हरकत पत्र हाती पडेपर्यंत पुढचा कागद हलत नाही. त्यानंतर तेथील आरोग्य खात्याचा मृत्यूचा दाखला, मग दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात मृत्यूची नोंद होऊन पासपोर्ट रद्द होणे व दूतावासाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळणे, व्हिसा रद्द करणे, एम्बामिंग (देह टिकावा म्हणून त्यात रसायन भरणे) आणि अखेर विमान कंपनीच्या कार्गो विभागात नोंदणी, अशी कामे एकामागून एक होतात. त्यातच शारजातील सरकारी कार्यालयांना जानेवारी २०२२ पासून शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची साप्ताहिक सुटी असते. गुरुवारी दुपारी राहून गेलेले काम सोमवारवर जाऊ शकते, आणि तेथे वशिलाही फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून घरातून एकच माणूस बोलेल हे पहिल्या तासाभरात ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका काकांनी कंपनीला ‘पार्थिव पाठवा’ म्हणून कळवले आणि दुसऱ्या काकांनी दूतावासाला ‘तिथेच उरकून घ्या’ म्हटले, की दोन्हीकडचे काम थांबते, आणि ते थांबणे योग्यही आहे. निर्णयाचा अधिकार सर्वांत जवळच्या वारसाचा असतो : विवाहित असल्यास पत्नीचा किंवा पतीचा, अविवाहित असल्यास आई-वडिलांचा. पार्थिव भारतात पाठवायचे की तेथेच अंत्यसंस्कार करायचे, तेथे ताबा कोण घेणार आणि येथे कोण उतरवून घेणार, हे सारे लिहिलेले त्यांचे इंग्रजी संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर नोटरी करून लागते. आपल्याकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात ते थोड्या वेळात होते. घोटाळा होतो तो नावात. पासपोर्टवर वडिलांचे नाव ‘विनायक’ आणि आधार कार्डावर ‘विनायकराव’ असणे हे मराठी घरांतून नेहमीचेच आहे. संमतीपत्रात मृताचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरही न बदलता लिहावे, आणि पार्थिव घेणाऱ्याचे नाव त्याच्या ओळखपत्रावर आहे तसे लिहावे. कारण तेच नाव एअर वेबिलवर, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवर, चढते आणि विमानतळावर ताबा देताना तेच पडताळले जाते.

पार्थिवच आणावे की दहन तेथेच करून अस्थी आणाव्यात, हा प्रश्न नातेवाईक खर्चाच्या बाजूने सोडवू पाहतात. तो पत्नीवर किंवा आईवर सोडावा असे मला वाटते. तिला शेवटचे मुख पाहायचे असेल तर बाकी चर्चा निरर्थक आहे. दुबईत हिंदूंसाठी दहनाची सोय आहे. सौदी अरेबियात मात्र दहनाला परवानगीच नाही, त्यामुळे तेथे हा पर्याय उरत नाही.

खर्चाचे म्हणाल तर तो पहिल्यांदा मालकाकडे मागावा. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार कुटुंबाने मागणी केल्यास पार्थिवाची तयारी आणि ते मायदेशी पाठवणे यांचा खर्च मालकाने करायचा असतो, आणि थकलेला पगार व इतर देणी मृत्यूपासून दहा दिवसांच्या आत कुटुंबाला द्यायची असतात. ही मागणी तोंडी न करता ई-मेलने करावी. मालक हात वर करत असेल आणि कुटुंबाची ऐपत नसेल, तर २००९ पासून भारतीय दूतावासांकडे असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते. तिचा निर्णय तेथील दूतावास करतो. ज्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन (कामासाठी देशाबाहेर जाण्याच्या) तपासणीची अट असते, अशा कामगारांना परदेशी जाताना प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घ्यावीच लागते. तीत अपघाती मृत्यूसाठी दहा लाखांचे संरक्षण आहे. त्यामुळे घरातील कागदांत ती पॉलिसी आहे का, हे जरूर पाहावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक घेणे हे दहा ओळखीच्या फोनांपेक्षा उपयोगाचे, कारण त्याची विचारणा लेखी होते.

भारताच्या बाजूचे काम आता बरेच सोपे झाले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने ‘ई-केअर’ हे पोर्टल सुरू केले. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, दूतावासाचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत हे चार कागद त्यावर चढवले की विमानतळावरील आरोग्य अधिकारी मंजुरी देतात. ही मंजुरी पार्थिव विमानात चढण्याआधी मिळवायची असते, हे पुष्कळांना ऐन वेळी कळते. कोणत्या विमानतळावर उतरवायचे हे कार्गो विभागाला विचारूनच ठरवावे. इंदूरहून आखाताकडे विमान सुटते एवढ्यावरून पार्थिवही इंदूरलाच उतरेल असे धरून चालू नये. मुंबईला उतरवल्यास ताबा प्रवाशांच्या बाजूला न मिळता कार्गो संकुलात मिळतो. तेथून आग्रा-मुंबई मार्गाने धुळे, सेंधव्यावरून इंदूर सुमारे सहाशे किलोमीटर पडते, म्हणून शववाहिकेबरोबर दोन चालक असावेत.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. लाकडी पेटीच्या आत बहुधा जस्ताच्या पत्र्याचे अस्तर असते आणि ते झाळून बंद केलेले असते. घरी अंगणात पेटी ठेवल्यावर पाना-हातोडी शोधत धावाधाव होते आणि आईच्या देखत पत्रा ठोकून उघडावा लागतो. पत्रा कापणारा माणूस आधीच सांगून ठेवावा, पेटी उघडताना घरच्यांना आत बसवावे, आणि स्नान घालण्याचा आग्रह धरू नये, कारण देहात फॉर्मेलिन हे एम्बामिंगचे रसायन भरलेले असते. विद्युत किंवा गॅसदाहिनीत पेटीसह देह घेत नाहीत. रामबाग असो वा पंचकुइया, मुक्तिधामात तसे आधी कळवलेले बरे.

आपल्या दुबईतील मुलाकडून आजच पासपोर्ट व व्हिसाची प्रत, कंपनीतील संबंधित अधिकाऱ्याचा आणि खोलीवरच्या एखाद्या सोबत्याचा नंबर मागवून ठेवावा. त्याला कारण सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : माझी आई थोरल्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेली असता तेथेच वारली. दहन तेथे झाले. बहीण अस्थी घेऊन येत आहे. विसर्जन ओंकारेश्वरला करायचे आहे. अस्थी विमानातून आणताना काय काळजी घ्यावी? आणि आईच्या मृत्यूचा दाखला इंदूरच्या नगर निगमाकडून मिळेल का?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बहिणीने मृत्यूचा दाखला, दहनाचे प्रमाणपत्र आणि आईचा पासपोर्ट घेऊन न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून अस्थी नेण्याचे ना-हरकत पत्र घ्यावे. न्यू जर्सी त्याच दूतावासाच्या कक्षेत येते. आईचा पासपोर्ट भारतीय असल्यास तो तेथेच रद्द होतो. अस्थी हातातल्या सामानात ठेवाव्यात, पण तांब्याच्या कलशात भरू नयेत. अमेरिकेतील विमानतळांवर एक्स-रेमध्ये आतले दिसले नाही तर ते पात्र आत नेऊ देत नाहीत, आणि मृताचा मान राखण्यासाठी तेथील कर्मचारी ते उघडूनही पाहत नाहीत. साहजिकच विनंती करून भागत नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पात्रात आणून इंदूरला आल्यावर कलशात घ्याव्यात.

नगर निगमाकडून दाखला मिळणार नाही. मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथेच होते, आणि विसर्जन मध्य प्रदेशात झाल्याने त्यात फरक पडत नाही. बँक, घराचे नामांतर, पेन्शन या सर्वांसाठी अमेरिकेतील दाखलाच चालतो. मात्र त्यावर न्यू जर्सी राज्याकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, करून घ्यावे लागते. भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे. (अमिराती त्यात नसल्याने वरच्या प्रश्नातील कुटुंबाला दाखल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाची आणि मग भारतीय दूतावासाची मोहोर घ्यावी लागेल.) बहीण निघण्यापूर्वी तिला तीन-चार प्रमाणित प्रती काढायला सांगावे, कारण काही ठिकाणी मूळ प्रत ठेवून घेतात आणि नंतर एकेक प्रत अमेरिकेतून मागवण्यात आठवडे जातात.