नानकटाई चाखत फिरण्याआधी

अमळनेरला बेकरी टाकायची, त्याआधी चोपडा, धुळे, जळगाव करत तिथल्या बेकऱ्यांची बिस्किटं आणायची, चाखून दहापैकी गुण द्यायचे आणि पहिल्या नंबरासारखा माल काढायचा, असा तुमचा बेत. चाखताना नेमकं काय बघायचं, हे विचारलंय. भुसावळकडे बरीच वर्षं भट्टी चालवलीय, त्या जोरावर सांगतो. बेत झकास आहे, फक्त ते गुण देणं सोडून द्या भाऊ. उपाशीपोटी चाखलेल्या आणि भरीत-पुरी चापून चाखलेल्या एकाच बिस्किटाला तुम्हीच दोन वेगळे गुण द्याल. शिवाय गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून खात नाही. ते घरी नेतं, डब्यात भरतं आणि आठ-दहा दिवस चहाबरोबर खातं. तुम्हीही तसंच खाऊन बघा.

सगळीकडून एकच जिन्नस घ्या. नानकटाई घ्या, कारण तिच्यात लपवायला जागा नाही: मैदा, थोडं बेसन किंवा रवा, पिठीसाखर, तूप, वेलची, संपलं. एका बेकरीची नानकटाई, दुसरीची खारी आणि तिसरीची चॉकलेट कुकी यांची तुलना करून हाती काही लागत नाही. पाव किलो घ्या आणि घरी आल्यावर वजन करा. नग मोजा. एकाकडे पाव किलोत बारा बसतात, दुसऱ्याकडे अठरा, आणि लहान मुलांच्या घरात अठरावाला जिंकतो, चव थोडी उन्नीस असली तरी.

आता एक नग उलटा करा. बुडाचा रंग भट्टी सांगतो. लाकडाच्या भट्टीत बूड जरा जास्त तांबूस येतं आणि एकाच पत्र्यावरच्या नगांतही रंगाचा फरक असतो. रोटरी ओव्हनचा, म्हणजे आत पत्रे फिरत राहतात त्या भट्टीचा, माल सगळा एकसारखा. मग मधोमध मोडा. मध्यभागी ओलसर, गडद रेघ दिसली तर आत कच्चट राहिलंय. घाईने काढलेला माल. वरचे तडे सोड्याने येतात. सोडा जास्त झाला की जिभेच्या मागे साबणासारखी चव रेंगाळते आणि पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात. कुरकुरीत बिस्किटांच्या गरम पत्र्याजवळ नाकात झोंबणारा वास आला तर तो फुगवण्यासाठी घातलेल्या अमोनियाचा, माल नीट भाजला की उडून जातो. थंड मालालाही तो येत असेल तर भाजणी अपुरी.

तुपाची परीक्षा टाळूवर होते. खरं तूप तोंडाच्या उबेने वितळतं. वनस्पती तुपाचा (डालडा) किंवा मार्जरीनचा वितळबिंदू बहुधा त्याहून वर ठेवलेला असतो, म्हणून गिळल्यावरही टाळूला मेणचट थर राहतो. त्यावर एक हिशेब करा. किलोभर पिठाला सहाशे ग्रॅम तूप आणि पाचशे ग्रॅम साखर धरली, तर भाजून झाल्यावर किलोभर नानकटाईत साधारण तीनशे ग्रॅम तूप असतं. तूप सहाशे रुपये किलो धरलं तरी एकशे ऐंशी रुपये नुसत्या तुपाचेच झाले. मग बोर्डावर ‘शुद्ध तुपातली’ आणि भाव दोनशे रुपये किलो असेल, तर समजून घ्या. वनस्पतीला मी नावं ठेवत नाही, तिनेच बेकऱ्या जगवल्या. आणि २०२२ पासून ट्रान्स फॅट (हृदयाला घातक चरबी) दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचं बंधन असल्याने स्वस्त वनस्पती डोळे झाकून उचलण्याचे दिवस गेले. पुरवठादाराकडून त्याचा कागद मागून घ्या.

एका बैठकीत चार-पाच नमुन्यांच्या वर जाऊ नका, तुपाने जीभ बथ्थड होते. मध्ये कोमट पाणी प्या, थंड पाण्याने तूप तोंडातच गोठतं. आणि एकट्याने चाखू नका. बशांखाली चिठ्ठ्या लावून वरून काही न सांगता घरच्यांना, शेजारच्या पोरांना, चहाच्या टपरीवाल्याला द्या. टपरीवाल्याचं मत मी सगळ्यात वर धरतो. चहात बुडवल्यावर कोणतं बिस्किट तळाशी गाळ होऊन बसतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

उरलेल्याचे दोन भाग करा. एक भाग बंद डब्यात ठेवा आणि आठव्या, पंधराव्या दिवशी उघडा. खवट वास आला तर चरबी हलकी होती किंवा माल गरम असतानाच पॅक झाला. दुसरा भाग उघड्यावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सादळला का ते पाहा. हे आषाढ-श्रावणात एकदा आणि मे महिन्यात एकदा करायला हवं. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा नानकटाईचं पीठ पत्र्यावर ठेवल्याठेवल्या पसरायला लागतं, आणि हिवाळ्यातली मस्त कृती उन्हाळ्यात चपट्या चकत्या देते. जे बेकरीवाले मे महिन्यातही नानकटाईचा घुमट टिकवतात त्यांचा कारागीर पहाटे पीठ मळतो की तूप कमी धरतो, याचा विचार करा. बाहेरून आलेली कोणतीही कृती आपल्या उन्हात तशीच्या तशी चालत नाही.

चाखण्यापेक्षा जास्त वेळ काउंटरशेजारी घालवा. सकाळी काय संपतं, शाळा सुटल्यावर कशावर हात पडतो, बाजाराच्या दिवशी खेड्यावरचा माणूस जाताना काय बांधून घेतो. रात्री बंद होताना कोणती बरणी भरलेली राहिली ते नक्की पाहा. मला विचाराल तर ती बरणी चवीपेक्षा जास्त शिकवते. “आजनी शे का कालनी?” असं बाई विचारते तिथे ताजेपणावर धंदा आहे. “अंडं नाही ना?” हे किती जण विचारतात तेही ऐका. माळकरी, जैन, मारवाडी घरांचं गिऱ्हाईक हवं असेल तर अंड्याचे पत्रे आणि भांडी वेगळी ठेवावी लागतील, आणि हे ओव्हन घेण्याआधी ठरायला हवं.

एक जागा तुमच्या यादीत नाही. दिवाळीआधी आपल्याकडे घरचं तूप, साखर, रवा-मैदा घेऊन बायका बेकरीत बिस्किटं भाजून आणतात, किलोमागे भाजणावळ देऊन. त्या रांगेत थांबा. तिथे प्रत्येक डब्यात स्वतःच्या घरचं तूप असतं, आणि कोणाच्या घाण्याला गेल्या साली काय झालं याची चर्चा चालू असते. विकतच्या मालाला लोक नावं ठेवतात ती नेमकी कशासाठी, हे तिथे फुकटात कळतं. शिवाय तीच रांग उद्या तुमच्या दारात लागू शकते, आणि त्यात कच्च्या मालाचा पैसा तुमचा गुंतत नाही.

नंदुरबार-नवापूर बाजूला गेलात तर तिथली तुलना शेजारच्या दुकानाशी होत नाही, थेट सुरतेशी होते. सुरत हे नानकटाईचं माहेर, आणि पाहुण्यांच्या पिशवीतून तिकडचा डबा येतच असतो. तिकडे नानकटाईने सुरुवात करू नये असं माझं मत. दादरच्या, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीच्या, पिठाची खारी-गोड बिस्किटं करून बघा. ज्वारीत चिकटपणा नाही, म्हणून नुसत्या दादरचा भुगा होतो. अर्धी कणीक घातली की मोडता येण्याइतकं बांधलं जातं. केळ्याच्या पिठाचंही तसंच, पण ते लवकर करपतं, आच कमी ठेवा.

बेकरीवाल्याला खोटं सांगून भट्टीत शिरू नका. अमळनेर केवढं, दोन दिवसांत सगळ्यांना कळेल. त्यापेक्षा मैदा-तुपाच्या होलसेलवाल्याशी ओळख करा. कोण कोणत्या दर्जाचा माल उचलतो, कोणाची उधारी थकलीय, हे तो चहाच्या एका कपात सांगतो. आणि भाव लिहून घेताना तारीख टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आलाय, त्याआधीचे पाकिटांचे भाव आताच्या तुलनेत धरू नका.