वाचकांचे प्रश्न : तगरचं तेर आणि पाच विभक्त्या

प्रश्न : बारावी कला झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं संग्रहालय पाहिल्यापासून प्राचीन काळच शिकायचा आहे, ग्रीस-रोमसुद्धा. पण इतिहास घेतला की संस्कृत सुटतं, संस्कृत घेतलं की भूगोल. काय करू? (विद्यार्थिनी, कळंब)

उत्तर : 'क्लासिक्स' (प्राचीन ग्रीस-रोमचा अभ्यास) नावाची तयार पदवी शोधत बसू नका, आपणच जोडायची. इतिहास मुख्य, संस्कृत किंवा पाली गौण, भूगोल खुल्या ऐच्छिकात. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात वेळापत्रक मागून बघा. नियमात चालणारी जोडी एकाच तासाला येते, आणि बहुतेकांचं गणित तिथेच बिघडतं.

एवढे विषय कशाला, ते तुमच्या तेरवरूनच बघा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांवर आणि 'तगर', म्हणजे आजचं तेर, तिथून पूर्वेला १० दिवसांवर सांगितलं आहे. दोन्हीकडचा माल गाड्यांनी, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई : पैठणचा ओनिक्स दगड, तगरचं कापड. नुसती दिशा धरली तर घोटाळा होतो, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. एकेकाळी तगर म्हणजे दौलताबाद असंही मानलं जाई. १९०१ मध्ये शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं दाखवलं. प्राकृत येणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. दोन स्वरांमधला 'ग' गळतो : नगर, नयर, नेर (अमळनेरमधलं). तसंच तगर, तयर, तेर. शिवाय शिलाहार राजे आपल्या बिरुदांत तगरपूर मिरवत होतेच.

भाषेनं गाव सापडतं, काळ मात्र मातीतून काढावा लागतो. इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव रूढ झालं, पण आज पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. हा वाद मूर्तिशास्त्राचा आहे, तो खोदकामानं सुटत नाही. उलटही होतं. 'रूलेटेड वेअर' ही चक्राकार नक्षीची भांडी आधी रोमहून आलेली समजत. डेक्कन कॉलेजात क्ष-किरण विवर्तनानं (क्ष-किरण पाडून मातीतली खनिजं ओळखण्याच्या पद्धतीनं) माती तपासली तेव्हा तिचा माग खालच्या गंगेच्या खोऱ्याकडे निघाला. म्हणून बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र विसरलेल्यांनी ते पुन्हा चाळावं.

एम.ए.साठी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आहे; उत्खननाकडेच जायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज.

प्रश्न : ग्रीक आधी की लॅटिन? घरी शिकता येईल का? (परभणी)

उत्तर : भारताच्या व्यापाराचा अभ्यास असेल तर ग्रीक. पेरिप्लस आणि टॉलेमी, स्ट्रॅबो हे प्राचीन भूगोलकार ग्रीकमध्येच आहेत. रोमन लेखक प्लिनीसाठी लॅटिन नंतर घ्या. संस्कृत झालेल्यांना अर्धी वाट आधीच चाललेली असते. द्विवचन ओळखीचं, आत्मनेपदासारखा प्रयोग ओळखीचा. ग्रीकमध्ये विभक्त्या संबोधनासह पाचच : तृतीया आणि सप्तमीची कामं चतुर्थीकडे, पंचमीचं षष्ठीकडे. संस्कृत 'भरामि' (मी वाहतो) म्हणजे ग्रीक 'फेरो', आणि 'अभरम्'मधला भूतकाळाचा 'अ' तिथे 'ए' होऊन 'एफेरोन'.

अडचण दोन ठिकाणी येते. मोबाइलवरची बहुतेक अॅप आधुनिक ग्रीक शिकवतात. त्यात 'बीटा' हे अक्षर 'व' वाचलं जातं आणि 'बारिगाझा' या भडोचच्या ग्रीक नावात भडोच ऐकूच येत नाही. दुसरं, देवनागरीत उच्चार लिहून पाठांतर. पहिल्या आठवड्यातच २४ अक्षरं हातानं गिरवा. नंतर रोज पाऊण तास. रविवारी सलग पाच तास बसून ही भाषा येत नाही.

प्रश्न : शेतात सातवाहनांची शिशाची नाणी निघाली. चिंचेनं घासू का? (पैठण)

उत्तर : मुळीच नको. आम्लानं शिसं झिजतं आणि अक्षरं जातात. लाकडी पेटी, पुठ्ठ्याचा डबा हेही टाळा; त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं नाण्यावर पांढरी भुकटी धरते. जिथे निघाली तिथला फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि गट क्रमांक व खोली लिहून ठेवा. मग तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा अजून लागू आहे आणि ठेव्याची किंमत १० रुपयांहून जास्त असली की त्यानुसार कळवावंच लागतं.