वॉरंटी दुकानाची, घड्याळ कंपनीचं

प्रश्न : १४ महिन्यांपूर्वी एका दुकानातून जुनं स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घेतलं. दुकानाची २ वर्षांची लेखी वॉरंटी आहे. आता ते दिवसाला ४० सेकंद पुढे पळतं आणि स्टॉपवॉचचा काटा शून्यावर थांबत नाही. दुकान म्हणतं, आमच्या वर्कशॉपमध्ये फुकट करून देतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर घड्याळाच्या किमतीच्या १० टक्के मागतंय. फुकटचं काम नको वाटतं. पैसे भरून मोकळा होऊ का?

उत्तर : आधी 'फुकट' हा शब्द खोडा. हेच घड्याळ एखाद्या खासगी विक्रेत्याकडून घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. दुकानाला जे जास्तीचे दिलेत, त्यातच ही दुरुस्ती विकत घेतलीय. ती सोडून १० टक्के भरणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

पण घाईने पार्सलही करू नका. डब्यातलं मूळ वॉरंटी कार्ड काढा आणि पहिल्या विक्रीची तारीख बघा. कंपनीची हमी त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. रोलेक्स, ओमेगा नव्या घड्याळांना ५ वर्षं देतात. मुदत शिल्लक असेल तर थेट कंपनीकडेच जा. दुकानाच्या कारागिराने मागचं झाकण उघडलं की कंपनी हात वर करू शकते.

मुदत संपली असेल तर उरते ती फक्त दुकानाची हमी. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेल्या प्रमाणित जुन्या घड्याळांच्या योजनेत २ वर्षांची हमी कंपनीची असते. तुमची तशी नाही. म्हणून घड्याळ हातातून जाण्याआधी ईमेलवर उत्तरं घ्या. पार्ट अस्सल टाकणार का? बदललेले जुने पार्ट परत देणार का? आणि पॉलिश अजिबात करायचं नाही, हे तुम्हीच ठणकावून लिहा. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या चौकटीच्या, धारदार कडा एकदा घासल्या गेल्या की परत येत नाहीत, आणि जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी त्याच कडांवरून बोट फिरवतं. नकली पार्ट निघाले तर उद्या कंपनी ते बदलल्याशिवाय घड्याळाला हात लावणार नाही, आणि तो खर्च तुमच्या माथी.

एक शक्यता सांगतो. पुढे पळणं बऱ्याचदा चुंबकामुळे असतं. स्पीकरजवळ किंवा टॅबलेटच्या कव्हरवर ठेवत असाल तर आठवून बघा. घड्याळात शिरलेलं चुंबकत्व काही मिनिटांत उतरवता येतं. काट्याचं मात्र तसं नाही, त्यासाठी घड्याळ उघडावंच लागेल. 'ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही' हे उत्तर इथेच येण्याची शक्यता आहे. आलं तर कारण लेखी मागा.

अस्सल पार्ट द्यायला दुकान तयार नसेल, तर काम कंपनीकडून करून घ्या पण बिलातला वाटा दुकानाकडे मागा. निम्म्यावर तयार झालं तरी मी घेईन. लवकर विकायचं मनात असेल तर पदरचे १० टक्के घालूच नका. कंपनीच्या सर्व्हिसची पावती विक्रीला मदत करते, पण तो खर्च भावात पुरता निघत नाही.

तक्रार आजच लेखी नोंदवा, १० महिनेच उरलेत. पाठवताना सीरियल नंबरसकट चारही बाजूंनी फोटो काढा आणि वाटेतला विमा कोण भरणार ते ठरवून घ्या. वाचलेले १० टक्के बाजूला ठेवा. यांत्रिक घड्याळ ५ ते १० वर्षांत पूर्ण सर्व्हिस मागतंच, आणि तेव्हा कुठलीच वॉरंटी नसेल.