गाणी मध्येच तुटतात? आधी चार्जर बघा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला हार्डडिस्क जोडून गाणी ऐकत असाल आणि ती तुटत असतील, तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची घाई करू नका. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर तो चालू होतो, पण हार्डडिस्क फिरू लागली की व्होल्टेज पडतं. पायच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, म्हणून डिस्कला स्वतंत्र वीज असलेला हब द्या. टर्मिनलवर 'vcgencmd get_throttled' ही आज्ञा चालवा. उत्तरात शून्याखेरीज (0x0 सोडून) काही आलं, तर बहुधा दोष विजेचाच.

एखाद्या सकाळी अख्खी लायब्ररी रिकामी दिसेल. घाबरू नका, गाणी कुठेही गेलेली नसतात. डिस्क माउंट व्हायच्या, म्हणजे सिस्टिमला जोडली जायच्या, आत एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्राम) सुरू झालेला असतो. एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ती फाइल) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने, नोंदवा आणि 'nofail' लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी रास्पबेरी पाय सुरू होताना अडकणार नाही. मग एमपीडीचा गाण्यांचा डेटाबेस अपडेट करा.

हेडफोनच्या जॅकवरून मात्र ऐकू नका. तानपुऱ्याची आस त्यात खरखरीत बुडते, मला ते सहन होत नाही. साधा यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारं छोटं यंत्र) घ्या, आणि एमपीडीच्या सेटिंगमध्ये त्याचा क्रमांक नको, नाव लिहा. रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो.