‘फाइट नाइट’ला मैदान म्हणा

प्रश्न असा आला आहे: एमएमएच्या (कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो असं सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींच्या खेळाच्या) बातम्यांत ‘फाइट नाइट’साठी ‘लढतीची रात्र’ असं लिहिलेलं दिसतं आणि ते कानाला खटकतं, मग नीट शब्द कोणता? आणि ‘रशिया विरुद्ध अमेरिका’ अशी जाहिरात झालेल्या कार्यक्रमाला सामना म्हणायचं, झुंज म्हणायचं की दंगल?

पहिल्या भागाचं उत्तर पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही जत्रेच्या पत्रकावर छापलेलं सापडेल: ‘यात्रेनिमित्त कुस्त्यांचे जंगी मैदान’. मैदान म्हणजे नुसती जागा नव्हे, तो अख्खा कार्यक्रम. ‘यंदा मैदान जोरात झालं’, ‘पावसाने मैदान गेलं’ असं आपण सहज बोलतो. कोल्हापूरच्या खासबागेच्या बाबतीत तर एकच शब्द दोन्ही कामं करतो. १९१२ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं ते मैदान, आणि तिथे भरतं तेही मैदान. पत्रकाचा पुढचा मजकूर पाहिला तर एमएमएवाल्यांना लागणारे बाकीचे शब्दही त्यात आहेत. आधी ठरवून ठेवलेल्या त्या ‘नेमलेल्या कुस्त्या’. सगळ्यांत मोठी ती ‘पहिल्या नंबरची’, पत्रकावर सगळ्यांत वर छापलेली आणि प्रत्यक्षात सगळ्यांत शेवटी लागणारी. ‘मेन इव्हेंट’ म्हणजे याहून वेगळं काही नाही. तेव्हा रात्र सोडून द्या, मैदान घ्या. दुपारी भरलं तरी शब्द चुकत नाही.

दुसरा भाग जरा अवघड आहे. त्यासाठी एक खरंखुरं मैदान समोर ठेवू.

१४ एप्रिल २००७. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. भरवणारी कंपनी बोडॉग, कॅनडाच्या कॅल्विन एअर यांची. त्यांनी पैसा केला तो ऑनलाइन जुगारात. मैदानाचं नाव ‘क्लॅश ऑफ द नेशन्स’. पहिल्या नंबरला रशियाचा फ्योदोर एमेलियानेंको आणि अमेरिकेचा मॅट लिंडलंड. प्रेक्षकांत व्लादिमीर पुतिन, इटलीचे माजी पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनी आणि सिनेमातला जाँ-क्लोद व्हॅन डॅम. त्याच दिवशी मॉस्कोत सरकारविरोधी मोर्चा निघाला होता आणि त्यात बुद्धिबळाचा माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला पोलिसांनी ताब्यात घेतलं. ‘दंगल’ हा शब्द मी का टाळायला सांगतो ते इथेच कळावं. हिंदीत दंगल म्हणजे पहिल्यांदा कुस्ती. मराठी वर्तमानपत्रात दंगल म्हटलं की संचारबंदी आठवते. त्या दिवशीच्या बातमीला ‘रशियात दंगल, पुतिन उपस्थित’ असा मथळा दिला असता तर संपादकांना दिवसभर फोन घ्यावे लागले असते.

‘झुंज’ सरसकट वापरू नये. झुंज टोणग्यांची, कोंबड्यांची. माणसाची असली तर ती मृत्यूशी, परिस्थितीशी, म्हणजे समोरचा आपल्याहून भारी असताना दिलेली. या एका लढतीपुरता मात्र तो शब्द बसतो. लिंडलंड १८५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ८४ किलोच्या वजनगटातला. फ्योदोर शंभर किलोंच्या वरचा, जपानमधल्या ‘प्राइड’ या एमएमए कंपनीचा हेवीवेट विजेता, आणि वर घरचं मैदान. तरीही लिंडलंडने सुरुवातीला त्याला कवेत धरून दोरांशी रेटलं. खाली जाणं चुकवण्यासाठी फ्योदोरने दोर पकडला. तसं करणं नियमात बसत नाही, आणि त्या लढतीवरचा वाद आजही तिथेच सुरू होतो. पुढे खाली जाताना फ्योदोरनेच अंग फिरवलं आणि वरची बाजू मिळवली. मग त्याने हात ओढून दोन्ही मांड्यांत आवळला आणि कोपर उलट्या बाजूला ताणलं. २ मिनिटं ५८ सेकंदांत लिंडलंडने हात टेकले.

या ‘हात टेकले’पाशी थोडं थांबतो, कारण एमएमएच्या मराठीत सगळ्यांत जास्त गडबड याच क्रियेची होते. सहन होईना झालं की पैलवान प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापटून हार कबूल करतो. आपल्या कुस्तीत ही रीतच नाही. तिथे पाठ लागली की निकाल. तोंडाने किंवा हाताने कबुली द्यावी लागत नाही. म्हणून कुस्तीच्या शब्दभांडारात याला जोड मिळत नाही. कुस्तीत आवाज करणारी थाप आहे ती शड्डूची, आणि ती आव्हानाची, लढतीच्या आधीची. भाषांतरकार मग ‘टॅप केलं’ लिहितात, नाहीतर ‘थाप मारली’. टॅप चालेल, पण थाप मारली म्हणजे खोटं बोलला!

आणि लिंडलंडच्या बाबतीत ही चूक फारच महागात पडेल. मे २००२ मध्ये यूएफसी या अमेरिकन एमएमए कंपनीच्या ३७ व्या मैदानात, म्हणजे यूएफसी ३७ मध्ये, मुरिलो बुस्तामांते या ब्राझिलियन विजेत्याने त्याला अशाच हाताच्या डावात धरलं. लिंडलंडने थापटलं असं पंच जॉन मॅकार्थी यांना वाटलं आणि त्यांनी लढत थांबवली. मी थापटलंच नाही, असं लिंडलंडचं म्हणणं. लढत पुन्हा सुरू करावी लागली. बुस्तामांतेने ती तिसऱ्या फेरीत गळा आवळून पुन्हा जिंकली. अशा प्रसंगाचं वर्णन ‘लिंडलंडने थाप मारली’ असं केलंत, तर ज्या गोष्टीवर वाद आहे तिचा निवाडाच तुम्ही देऊन टाकता. कबुली स्पष्ट असेल तिथे ‘हात टेकले’ हा बोलीतला वाक्प्रचार कामाला येतो: शब्दशः हात टेकतो, आणि अर्थाने हारही मानतो. जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर ‘हात टेकायला लावले’. पंचांनी मध्ये पडून सोडवलं असेल तर मात्र ‘लढत थांबवली’ एवढंच लिहावं.

आता ‘सामना’. माझा खरा आक्षेप इथे आहे. रशिया विरुद्ध अमेरिका सामना म्हटलं की वाचणारा गुण शोधतो, कोण किती-किती ने जिंकलं ते विचारतो. पीटर्सबर्गच्या त्या मैदानात देशाच्या नावावर लागणारा असा निकालच नव्हता. त्या सुट्या लढती होत्या, जाहिरातदाराने दोन झेंड्यांत गुंडाळलेल्या. देशातर्फे लढणं म्हणजे काय, हे लिंडलंडइतकं कुणाला माहीत असणार? २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या ग्रीको-रोमन (कमरेखाली पकड न करण्याच्या) कुस्ती संघातली ७६ किलोंची जागा त्याला नुसती कुस्ती मारून मिळाली नव्हती. निवड चाचणीच्या निकालावर तक्रार, लवाद, कीथ सिएराकीशी पुन्हा कुस्ती, ती लिंडलंडने ८-० अशी जिंकल्यावर उलट बाजूचा लवाद, आणि शेवटी केंद्रीय न्यायालयाचा आदेश, एवढं सगळं झाल्यावर तो सिडनीला गेला. तिथे अंतिम फेरीत त्याला हरवून सुवर्ण नेलं ते मुरात कार्दानोव्हने, रशियाच्याच. त्या कुस्तीला ‘रशिया विरुद्ध अमेरिका’ म्हणणं अगदी रास्त आहे; तिचं पदक देशाच्या खात्यात पडलं. सात वर्षांनी पीटर्सबर्गला त्याला पाठवणारी कुठलीही निवड समिती नव्हती, होता तो करार.

म्हणून ‘क्लॅश ऑफ द नेशन्स’ला मी मैदान म्हणेन, त्यातल्या एकेकीला लढत म्हणेन, आणि सामना हा शब्द तिथे येऊ देणार नाही.

पण याच साखळीत पुढे सामना म्हणावा असंही काही घडलं. प्राइडचं शेवटचं मैदान ८ एप्रिल २००७ ला जपानमध्ये झालं, म्हणजे पीटर्सबर्गच्या आधी सहाच दिवस. यूएफसीच्या मालकांनी ती कंपनी विकत घेतल्याचं मार्चमध्येच जाहीर झालं होतं. वर्ष संपेपर्यंत बोडॉगनेही लढतींचा धंदा गुंडाळला. फ्योदोर मोकळा झाला, पण यूएफसीकडे गेला नाही. त्याने ‘एम-१’ या रशियन कंपनीशी करार केला, आणि यूएफसीत तो शेवटपर्यंत लढला नाही. या एम-१ने २००८ मध्ये देशांच्या नावाने संघ उतरवले, एका बाजूला पाच लढवय्ये, पाच वजनगट. इथे ३-२ असा निकाल लागायचा, तेव्हा ‘सामना’ बिनधास्त लिहा. यूएफसीने २००९ मध्ये ‘द अल्टिमेट फायटर’ या आपल्या टीव्ही कार्यक्रमाचं पर्व अमेरिका विरुद्ध ब्रिटन असं केलं. तिथे मात्र दोन गटांचे प्रशिक्षक डॅन हेंडरसन आणि मायकेल बिस्पिंग ११ जुलैला यूएफसी १०० मध्ये भिडले, ती लढतच.

ओघात आणखी एक. देशांना कर्ता केलं की मराठीत लिंग आडवं येतं: अमेरिका हरली, रशिया जिंकला, इंग्लंडला कुणी ‘हरलं’ म्हणतं तर कुणी ‘हरला’. सुट्या लढतीच्या बातमीत हा घोळ ओढवून घ्यायचं कारणच नाही. देशाचं विशेषण करा: ‘रशियन मल्लाने अमेरिकन मल्लाला हात टेकायला लावले.’ एमएमएतल्या माणसाला मल्ल म्हणावं का, असं कुणी विचारेल. फ्योदोर सांबो (रशियन कुस्तीप्रकार) आणि ज्यूदोतला, लिंडलंड कुस्तीतला, त्यांना म्हणावं. बॉक्सिंगमधून आलेल्याला मल्ल म्हटलं तर तालमीतली माणसं हसतील. त्याला लढवय्या म्हणा, नाहीतर सरळ फायटर.